कुत्र्याच्या पावलाची वीट

"हे तुमी काई खरं मानाच्या नाई, मॅडम," बाबूसिंगनं डोक्यावरचा रुमाल सोडला, झटकला आणि पुन्हा बांधला, "पन आमच्या तांड्यात चिमनीचा खोपा पुरा व्हायच्या आत मानसाचं घर पुरं होते. चिमन्या लाजून राह्यल्या. मागच्या साली दोन चिमन्या तं तांडा सोडून महागावले राहाले गेल्या."

प्रेरणानं हेल्मेट स्कूटीच्या आरशाला अडकवलं आणि पिशवीतून कागद लावलेली पाटी काढली. पंचविशीची पोरगी, यवतमाळहून सकाळीच निघालेली, कपाळावर हेल्मेटचा वळ. तिनं म्हाताऱ्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"चिमण्यांचा रकाना नाही माझ्याकडे, आजोबा," ती म्हणाली. "घरांचाच आहे. चला, कुठून सुरुवात करायची?"

बाबूसिंगच्या कोणत्याही गोष्टीची सुरुवात अशीच होई, आणि पळसतांड्यात त्याचं बोलणं अर्धं करून ऐकायची रीत होती. त्यानं वाघ पाहिला म्हटलं की लोक लांडगा समजत, लांडगा म्हटलं की कुत्रं. हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणून तो आधीच दुप्पट सांगे, म्हणजे ऐकणाऱ्याच्या पदरात बरोबर माल पडावा. ह्याला तो खोटं म्हणत नसे. वाटेत होणारी घट धरून माप भरतो, एवढंच म्हणे. त्याच्या आजानं बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं होतं, आणि वाटेत मिठाची किती घट होते हे त्या घराण्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

पण आजचं माप नेहमीचं नव्हतं. त्याची सून शीला हिनं सिमेंट-लोखंडाच्या एका कंपनीकडे एजन्सीसाठी अर्ज केला होता. ह्या रस्त्यावर कंपनी एकच एजन्सी देणार होती, एक तर महागावला नाही तर पळसतांड्याच्या फाट्यावर. फाट्यावर बाबूसिंगच्या नावाचा जागेचा तुकडा होता, टिनाचं शेड होतं, आणि शीलानं 'शीला ट्रेडर्स' अशी पत्र्याची पाटीसुद्धा रंगवून आणली होती. ती सध्या घरात भिंतीला टेकून, पोत्यात गुंडाळून उभी होती.

पाटीमागे खरी गोष्ट इंद्रजीतची होती. बाबूसिंगचा पोरगा इंद्रजीत सात वर्षांपासून हैदराबादला सेंट्रिंगचा मिस्त्री होता. लोकांचे बारा-बारा मजले उभे करायचा, आणि स्वतःच्या घराचा स्लॅब पडला, म्हणजे छत ओतलं गेलं, तेव्हा तीन दिवसांच्या सुटीवर येऊन चौथ्या दिवशी पळाला. शीलासाठी नवरा म्हणजे रविवारचा फोन. त्यानं फोनवर शब्द दिला होता, एजन्सी आली की दुसऱ्या दिवशी मी फाट्यावर. माल कोणता, सळाख कोणती, सगळं मला कळते. तू फक्त एजन्सी आन.

आणि कंपनी एजन्सी देताना ना शिक्षण बघत होती ना ओळख. ती नवी घरं बघत होती. शीला फोनवर बोलली तेव्हा बाबूसिंग ओसरीवर बसून कान देऊन ऐकत होता.

"आठ घरं पाह्यजे म्हनते, मामाजी," शीला फोन ठेवून म्हणाली. "आठाच्या खाली असले तं एजन्सी महागावले. कंपनीची मॅडम सोता येनार हाय पाहाले."

"आठ?" बाबूसिंग म्हणाला. "आठ मांगले तं सोळा दाखवाव."

"मामाजी, खरं सांगाचं फक्त."

"खरंच सांगून राह्यलो मी. सोळा म्हनलं की ते आठ धरनार."

अडचण एवढीच होती की पोळा होऊन आठ दिवस झाले होते. कापूस कमरेला लागला होता, गडीमाणसं निंदणाला, पैसा खतात. ह्या दिवसांत तांड्यात कोणी घर बांधत नाही. घरं बांधतात ती कापूस विकल्यावर, आणि उन्हाळ्यात पुरी करतात. मग एक पाऊस पडला की नवं छतही जुन्यासारखं काळं पडतं, कोणाचं कधीचं ते ओळखू येत नाही. भर भादव्यात घरं मोजायला येणं म्हणजे उन्हाळ्यात बेडकं मोजायला निघणं. साऱ्या तांड्यात बांधकामाचा माल म्हणावा असा एकच ढीग होता: शीलानं दुकानाच्या भिंतीसाठी आणलेल्या तीनशे विटा.

बाबूसिंगनं त्या विटांकडे रात्रभर विचार केल्यासारखं सकाळी दोन मिनिटं पाहिलं आणि तो पुतण्याकडे गेला. गुलाबसिंगकडे तीन बंड्या होत्या, तीन जोड्या बैल होते, आणि काकाच्या कोणत्याही उद्योगात शिरायची जुनी खोड होती.

"किती घरी न्यायचा माल?" गुलाबसिंगनं विचारलं.

"सोळा."

"तीनशे विटा सोळा घरी?"

"एका घरून उचलाच्या, दुसऱ्या घरी मांडाच्या. मी तिले पुढच्या गल्लीनं आनतो, तू मांगच्या पांदनीनं जाय. समोर अंगनात चुन्याच्या रेघा मार, घराचा नकाशा काढल्यावानी. ढीग अन् रेघा दिसल्या की झालं घर."

गुलाबसिंगनं डोकं खाजवलं. "काका, फुटतूट झाली तं?"

"तुया आजाच्या हातून मिठाचा खडा सांडला नाई, तुया हातून वीट फुटते का?"

हे गुलाबसिंगला लागलं. त्यानं बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून ठेवल्या, म्हणजे आवाज नको, आणि कामाला लागला.

तर पहिलं घर शंकरसिंगचं. अंगणात चुन्याच्या रेघा, कडेला तीनशे विटांचा नीट रचलेला ढीग. प्रेरणानं मोबाईलवर फोटो काढला, पाटीवर आकडा लिहिला.

"इथे काय बांधताय?"

"पोरासाठी जोडून दोन खोल्या," शंकरसिंग म्हणाला. त्याला सकाळी शिकवलं होतं तेवढंच.

"आणि ह्या सळाखी?" प्रेरणानं राहत्या घराच्या छताकडे बोट दाखवलं. खांबांतून हात-हात लांब लोखंडाच्या सळाखी आभाळाकडे निघाल्या होत्या. "वरचा मजला कधी घेणार?"

"जवा होईन तवा."

"आम्ही ह्या सळाखीसुद्धा बघतो," प्रेरणा बाबूसिंगला म्हणाली. "माणसानं सळाख कापली नाही, म्हणजे त्याला पुढच्या वर्षाचा भरवसा आहे. गावाची तब्येत तिथून कळते."

बाबूसिंगनं पांदणीकडे तिरपा डोळा टाकला. बंड्या अजून इथल्या विटा भरायलाही आल्या नव्हत्या. ही पोरगी एवढ्यात निघाली तर दुसऱ्या घरी नुसत्या रेघा. तो तिला घेऊन घरात गेला आणि अंगणाकडे पाठ येईल अशा खाटेकडे हात दाखवून स्वतः समोर बसला.

"ह्या सळाखीचं तुमाले सांगतो, बसा. चहा ठेव रे शंकरसिंग. मॅडम, आता ह्या हातभर दिसते. पह्यले पुरुषभर होत्या. मांगच्या आषाढात एक ढग चालला होता पुसदकडं. खाली उतरला अन् ह्या सळाखीत अडकला."

"ढग अडकला."

"पदर अडकते तसा. तीन दिवस पानी पडलं ते ह्याच्याच घरावर. शेजारीण अंगनात मिरच्या वाळवून राह्यली, अन् हा घरात छत्री घेऊन बसला. शेवटी पोट्टे वर चढले, बांबूनं ढग सोडवला. त्या दिवशीच सळाखी आखूड केल्या. इचारा त्याले."

प्रेरणानं शंकरसिंगकडे पाहिलं. शंकरसिंग दारातून बाहेर विटांकडे पाहत होता. "छत्री नोती," तो म्हणाला. "पोतं होतं."

प्रेरणा हसली, आणि तो चहा प्यायली. तेवढ्यात बंड्या भरून निघाल्या, आणि दुसऱ्या घरी पोचेपर्यंत विटा पोचल्या होत्या.

दुसरं घर धावजीचं. तिथेही रेघा, तिथेही ढीग, तिथेही चहा. प्रेरणानं फोटो काढला. धावजीचं आणि त्याच्या भावाचं घर एकमेकांना चिकटून होतं, तेवढ्यावर बाबूसिंगनं अर्धा तास काढला.

"हे घर एवढं लंबं काहून, सांगतो. स्लॅब टाकाले महागाववरून मिक्सर आनलता. मिक्सरवाल्याले लागली झोप, अन् मशीन काई थांबे ना. माल पडून राह्यला, पडून राह्यला. मजूर बिचारे पसरून राह्यले. पाहाटे डोये उघडून पाह्यतो तं स्लॅब भावाच्या घरावरून पार गोठ्यावर. आता दोघी जावा एका छताखाली. इकडची भांडी आपटली की तिकडची जागी होते."

"मग सिमेंट कोणाचं गेलं?"

"दोघायनं अर्धं-अर्धं देलं. गोठ्याचं बैलायच्या नावावर हाय."

धावजीची बायको आतून काहीतरी पुटपुटली. ते बंजाऱ्यांच्या गोरबोलीत होतं आणि प्रेरणाला कळलं नाही, हे बरंच झालं.

तिसऱ्या घरी प्रेरणानं विटांच्या ढिगाकडे थोडं जास्त वेळ पाहिलं, पण बोलली काही नाही. चौथ्या घरी तिनं ढिगावर हात ठेवला. विटा उन्हानं तापलेल्या नव्हत्या, कोणाच्या तरी हातांच्या घामानं ओलसर होत्या. पाचव्या घरी तिनं चहा नको म्हटलं. सहाव्या घरी बाबूसिंगचा घसाच बसला. ढगानंतर त्यानं दोन वाघ, एक अस्वल आणि चुन्याची फक्की खाऊन गोरा झालेला बैल अशी सगळी शिदोरी संपवली होती. सातव्या घराच्या अंगणात ती सरळ ढिगासमोर उकिडवी बसली.

"आजोबा, इकडे या."

बाबूसिंग गेला.

"हा कुत्रा कोणाचा?"

"कोनता कुत्रा?"

प्रेरणानं ढिगावरच्या सगळ्यात वरच्या विटेवर बोट ठेवलं. भट्टीवर वीट ओली असताना तिच्यावरून कुत्रं गेलं होतं, आणि त्याचं पाऊल विटेबरोबर भाजून पक्कं झालं होतं. चार बोटं, मधला तळवा, अगदी मोहोर उठवल्यासारखं.

"हा शंकरसिंगच्या घरी होता," ती म्हणाली. "धावजींच्या घरी होता. तिसऱ्या घरी मला वाटलं, भट्टीवर कुत्रं बरंच फिरलेलं दिसतंय. चौथ्या घरी मी बोटं मोजली. डावीकडचं बोट जरा तिरकं आहे."

बाबूसिंगनं विटेजवळ वाकून, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं, पाऊल न्याहाळलं.

"हे तुमी खरं मानाच्या नाई," त्यानं सुरुवात केली, "पन त्या भट्टीवर जे कुत्रं हाय ना, त्याची जातच तिरक्या बोटाची हाय. त्याचा बाप, त्याचा आजा..."

"आणि तिरक्या बोटाशेजारी हा चुन्याचा अंगठा? तो पण जातीचाच?"

चुन्याचा अंगठा गुलाबसिंगचा होता. बाबूसिंग अंगठ्याला वंशावळ जोडायच्या विचारात होता, तेवढ्यात पांदणीकडून तीन बंड्या बिनआवाज अंगणात शिरल्या. बैलांच्या शिंगांना पोळ्याचा गुलाबी आणि हिरवा रंग अजून तसाच होता, एकाच्या शिंगाला फुटलेला फुगा लोंबत होता. पुढच्या बंडीवर गुलाबसिंग उभा होता. प्रेरणा ढिगाआड बसलेली त्याला दिसली नाही.

"काका," तो म्हणाला, "गेली का ते? आठव्या घरी नेऊ का आता? बैलायले पानी पाजाचं हाय."

प्रेरणा हळूच उभी राहिली.

बैलानं शेपटी हलवली.

"तुले एवढी अक्कल नाई का गुलाबसिंग," शेवटी बाबूसिंग म्हणाला, "ते वीट खाली दाबता नाई आली? दर टायमाले वर कायले ठेवली?"

गुलाबसिंगला हा प्रश्नच समजेना. "वर होती म्हनून वर ठेवली," तो म्हणाला. "काका, माल जसा घेतला तसाच उतरवाचा. वरचा वर, खालचा खाली. आपल्या आजानं सांगेल हाय. तीनशे विटा हाय, सात घरी गेल्या, एक कोपरा उडाला असन तं सांगा." आणि मग प्रेरणाकडे वळून, मान खाली घालून, "एक बी नाई फुटली, मॅडम."

प्रेरणानं ढिगाला फेरी मारली. खरंच एकही फुटली नव्हती. तिनं ओठ आवळून हसू परतवलं, पण हसू परतवलं तरी पाटीवरचा आकडा तसा राहणार नव्हता. तिनं सातावर काट मारली. खाली लिहिलं, एक.

घरी शीलानं जेवण मांडलं होतं. गुलाबसिंगची बायको आडवाटेनं आधी पोचली होती, त्यामुळे शीलाला सगळं कळलं होतं. तिनं प्रेरणापुढे ताट ठेवलं, ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, ठेचा, आणि सासऱ्याला वाढताना त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"शीलाताई, तुमचा अर्ज चांगला होता," प्रेरणा म्हणाली. "जागा चांगली आहे. पण चालू बांधकाम मला एकच दिसलं, आणि तेही फिरतं."

"ह्या दिवसात कोनीच नाई बांधत, मॅडम."

"ते मला इथे आल्यावर कळलं. नागपुरातले साहेब महिना ठरवतात, त्यांना निंदण माहीत नाही." तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "अर्जात दुसरा एक रकाना आहे. गेल्या वर्षभरात स्लॅब पडलेली घरं. तिथे आठ भरली तरी चालतात. पण ती दिसत नाहीत ना. सगळी छतं सारखीच काळी. आणि विचारायला जावं तर लोक आकडा वाढवूनच सांगतात. मी एक शिकले ह्या कामात. जो आकडा वाढवतो त्याचा लिहायचा नाही. जो कमी करायला भांडतो, त्याचा लिहायचा. तसा माणूस अजून एकाही गावात भेटला नाही."

शीला उठली. भिंतीला टेकलेली पाटी पोत्यातून थोडी बाहेर आली होती, 'शीला' एवढी अक्षरं दिसत होती. तिनं पाटी फिरवून तोंड भिंतीकडे केलं. आवाज न करता, जपून, जसा गुलाबसिंग विटा ठेवत होता.

"एक दिवस, मामाजी," ती पाठमोरीच म्हणाली. "जनमभर सांगा ना तुमच्या गोष्टी, मी नाई कधी म्हनलं नाई. फक्त आजचा एक दिवस मांगलता मी."

बाबूसिंगच्या हातात घास होता तो तसाच राहिला. चुलीपुढे त्याची बायको सुखीबाई बसली होती, तिनंही वळून पाहिलं. पन्नास वर्षांच्या संसारात हा माणूस एवढा वेळ गप्प बसल्याचं तिनं पाहिलं नव्हतं. ताप आला तरी तो तापाची गोष्ट सांगे.

तो पाटीच्या कोऱ्या पाठीकडे पाहत राहिला. मग, कोणाकडेही न बघता, ताटातल्या भाजीला सांगितल्यासारखा बोलू लागला.

"दिवाळीनंतर पह्यला स्लॅब शंकरसिंगचा पडला. आलू-वांग्याची भाजी, पोळ्या, बुंदी. बुंदी कोरडी होती."

प्रेरणानं मान वर केली. "म्हणजे?"

"स्लॅबचं जेवन. ज्याचा स्लॅब पडते त्यानं त्या दिवशी साऱ्या तांड्याले जेवू घालाचं, मजुरायले बी. आमच्यात रीत हाय. अन् जसं वर्ष तसं ताट. मटन पडलं तं समजाचं, तांडा तब्येतीत हाय. बुंदी पडली तं बरा हाय. अन् चहा-चिवड्यावर धकवलं तं समजाचं, औंदा दमानं घ्या, कोनाकडं उसनं मांगू नका. घरं कोन मोजते, मॅडम. जेवनं ध्यानात राह्यते."

"स्वयंपाक कोणी केला होता, शंकरसिंगकडे?"

"आचारी नाई. त्याच्या सासरचे आलते. भात चिकट झालता म्हनून सासूले बोलला, अन् सासू जेवली नाई."

असल्या गोष्टी कोणी रचून सांगत नाही. प्रेरणानं ताट सरकवलं, हात धुतले आणि आपली कागदांची पाटी मांडीवर घेतली.

"पुढचा?"

"संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी धावजी. मटन. रस्सा पातळ, पन मटन. त्याच अंगनात पंधरा दिवसानं त्याचा भाऊ, त्यानं बी मटन केलं, भावापक्षा घट्ट. जिद्दीनं. तीन झाले." बाबूसिंगनं बोट मुडपलं. "मंग गुलाबसिंग. ह्या बाप्प्यानं आजाची शिकवन म्हनून पह्यल्या पंगतीले जेवढी बुंदी वाढली तेवढीच शेवटच्या पंगतीले वाढली, एक दाना इकडंतिकडं नाई. चार. होळीले तांड्याच्या नायकाच्या घरावरचा दुसरा मजला. त्यानं सळाखी दहा वर्स ठेवल्या होत्या, औंदा कामी आल्या. त्याच्याकडं बुंदी बी अन् मटन बी, कापूस चांगला झालता त्याले. पाच."

शीला भिंतीजवळच उभी होती. तिनं नकळत पदरात बोटं मोजायला सुरुवात केली होती.

"सहावा नलूचा. एकटी बाई हाय. घरकुल मिळालं तिले, दोन खोल्यायचं. स्लॅबच्या दिवशी तिच्याकडं फक्त चहा अन् बिस्किट होतं. ते लाजून घरामांगं जाऊन बसली. तं तांड्यातल्या बाया आपापल्या घरून भाकर-भाजी बांधून घेऊन आल्या अन् तिच्या अंगनात पंगत बसली. तिनं साऱ्यायले चहा वाढला. चांगला झालता चहा, अद्रक टाकेल." तो थांबला. "त्याले मी मटनात धरतो."

प्रेरणानं लिहिलं.

"सातवा, अक्षय्य तृतीयेच्या आधी, वरच्या गल्लीतला धनसिंग. वरन-भात, वांगं, बुंदी. आठवा हाच." त्यानं वर, डोक्यावरच्या छताकडे पाहिलं. "आमचाच. इंद्रजीत आलता तीन दिवस. सोताच्या हातानं सेंट्रिंग केलं त्यानं. जेवाले बसला नाई. माल सुकला का नाई ते पाह्यत वरच बसला. मी ताट वर नेऊन देलं."

शीलानं पदर सोडला. तिची बोटं आठावर येऊन थांबली होती.

प्रेरणानं पाटीवरची यादी वाचली. दिवस, ताट, रस्सा, रुसलेली सासू. आजवरच्या कामात तिनं इतका तपशीलवार रकाना भरला नव्हता. तरी पेन तिनं आकड्याच्या चौकटीवर आणून तसंच धरलं. सकाळपासूनचा सळाखीत अडकलेला ढग, बैलांच्या नावावरचं सिमेंट आणि सात घरं फिरलेला कुत्रा दुसऱ्या बाजूला होते.

"आजोबा, हे सगळं मला खरं वाटतंय," ती म्हणाली, "आणि तीच भीती आहे. एकूण किती लिहू?"

आता खरं सांगून झालं होतं. गप्प बसायचं होतं, बस. पण बाबूसिंगची जीभ पन्नास-साठ वर्षं घट धरून माप भरत आली होती, आणि रिकाम्या हातानं परतणं तिला माहीत नव्हतं. शिवाय पोरगी शंका घेत होती. एखादं वाढवून ठेवलेलं बरं, वाटेत गळालं तरी आठ उरतील.

"नऊ लिहा," तो म्हणाला. "नववा भगवानरावचा, फाट्यापलीकडच्या वावरातलं घर. बुंदी होती. ओली, इलायची टाकेल, असली बुंदी ह्या तालुक्यात..."

चुलीपुढून फुंकणी आपटल्याचा आवाज आला.

"नववा कोठचा?" सुखीबाई म्हणाली. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही, भाकर उलथली. "इंद्रजीतचा बा, देवाले भेऊन बोल. भगवानरावकडं स्लॅब कधी पडला? टिनं हाय त्याच्या घरावर अजून. ते त्याच्या बापाची तेरवी होती. दुखाच्या घरी तू तीनदा बुंदी मांगून घेतली, मी शरमेनं पदर तोंडावर घेतला, अन् त्याले स्लॅब म्हनून राह्यला तू. आठ झाले, मॅडम. आठच. नऊ म्हनत असन तं खोटं बोलून राह्यला हा मानूस, माह्या तोंडावर."